क्लचवरचा पाय

माझा नवरा तसा घुम्या माणूस, पण ट्रॅक्टरचा विषय निघाला की त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात त्यानं मला क्लच समजावला. क्लच दाबला की इंजिनाची आणि चाकाची फारकत. इंजिन कितीही ओरडो, चाक ऐकत नाही. सोडला की पुन्हा संसार सुरू. मी म्हटलं, "मंग मलेही एक लावून द्या जी, मी न् तुमच्या मायच्या मधात." खूप हसला होता.

गिअर कशातच अडकलेला नसला की न्यूट्रल. पेडल अर्धंच सोडून चाकाला ताकद थोडीथोडी द्यायची तो हाफ क्लच, आणि चिखलात खरं कसब तेच. केजव्हील म्हणजे धानाच्या रोवणीआधी चिखलणी करताना लावायची लोखंडी जाळीची चाकं. हे सगळं मी भाजी निवडता निवडता शिकले. ट्रॅक्टर दुसऱ्याचा होता, हा फक्त चालवायचा. पण बोलताना कायम 'आपला ट्रॅक्टर' म्हणायचा, आणि तालुक्यात आपल्यासारखा ड्रायव्हर नाही, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं.

मागच्या रोवणीला तलावाखालच्या धानाच्या बांधीत गाडी फसली. चाक फसलं की आमच्याकडे मागच्या दोन्ही चाकांना आडवं लाकूड दोरानं बांधतात. चाक फिरतं, लाकूड चिखलात रुततं आणि गाडी वर चढते. बहुतेक वेळा चढतेच, म्हणून सगळे हेच करतात. पण एखाद्या वेळी लाकूड अडून बसलं तर चाक फिरत नाही, आणि मग इंजिनाची ताकद गाडीचं तोंडच उचलते. त्यासाठी दोन माणसं पुढे बंपरवर वजनाला बसवतात. त्या दिवशी लाकूड बांधून झालं होतं, पण माणसं जेवायला गेली होती. मी डबा घेऊन मांडीभर चिखलातून जवळ पोचले, तेव्हा त्यानंच हात देऊन मला उजव्या मडगार्डवर ओढून घेतलं.

"बस इथंच. गाडी निघाली का जेवतो," म्हणाला.

लाकूड अडून बसलं आणि गाडी उठली. पुढची चाकं आभाळाकडे जाताना मी पाहिली. मग त्यानं मला दोन्ही हातांनी ढकललं. मी चिखलात उताणी पडले, नाकातोंडात चिखल गेला, आणि मी त्यालाच शिवी हासडली. डोळे पुसून पाहते तर ट्रॅक्टर उलटा पडला होता आणि तो खाली होता. त्यानं माझ्याकडून शेवटचं ऐकलं ते ती शिवी. अजून जीव जळतो माझा.

तेरवी व्हायच्या आधीच चहाच्या टपरीवर निकाल लागला होता : पाय चुकला. पोरं मोबाईलवर गाड्यांच्या रेसी पाहतात, त्यांच्याकडे नवेनवे शब्द. टॉर्क जास्त झाला, गाडीनं व्हीली मारली. व्हीली म्हणजे काय रे, मी एकाला विचारलं, तर त्यानं व्हिडिओच दाखवला. मोटरसायकलचं पुढचं चाक हवेत आणि लोक टाळ्या पिटून राहिलेत. तो मोबाईल नालीत फेकावा असं मला वाटलं.

पण खरा घाव घातला त्याच्या दोस्तानं. तोही ड्रायव्हर, दोघं एकाच माणसाकडे शिकलेले. "क्लच दाबला असता तं फ्रंट तसाच खाली बसला असता. नवशिक्याले बी समजते येवढं," तो चारचौघांत बोलला. कोणाकडून तरी ते माझ्यापर्यंत आलं, आणि माझं जेवण सुटलं. माणूस तर गेलाच होता. त्याच्याजवळ चांगला ड्रायव्हर एवढंच नाव होतं, तेही हे लोक चहासोबत पिऊन टाकत होते.

धान निघाल्यावर मी त्या दोस्ताच्या घरी गेले. तो चालवायचा तो ट्रॅक्टर अंगणात बंद उभा होता.

"तुमी सीटवर बसा, भाऊजी," मी म्हटलं. "मी मडगार्डवर बसतो. क्लच दाबून धरा न् मले खाली ढकला."

"वहिनी, हे काय करून राहिल्या तुमी?"

"बसा."

बसला बिचारा. डावा पाय क्लचवर रोवला आणि एका हातानं मला लोटलं. पडायची भीती वाटली की कोणीही धरेल तसा मी मडगार्डचा दांडा धरला होता. मी हलले नाही.

"माहा जीव वाचवाचा आहे असं समजून ढकला."

तेव्हा तो सीटवरून अर्धा उठला, उजवीकडे वळला आणि त्यानं दोन्ही हातांनी मला रेटलं. मी खाली पडले, कोपर सोललं. वर पेडल टक्कन आपटलं. त्याचा पाय क्लचवर नव्हता.

 तो उतरला, मला उठवलं आणि म्हणाला, "त्याचा पाय नाही चुकला, वहिनी. सांगतो मी सगळ्याइले."

आणि सांगितलंही त्यानं. टपरी गप्प झाली. आता मी रस्त्यानं गेले की माणसं बिडी लपवतात. मला हेच हवं होतं आणि ते मिळालं. पण दोस्त आधी बोलला होता तेही खोटं नव्हतंच. क्लच दाबला असता तर फ्रंट खाली बसला असता आणि आम्ही दोघं जेवलो असतो. हे माझ्या नवऱ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? गाडीवर तो एकटा असता, तर त्यानं क्लचच दाबला असता.