मास्तर आणि बर्फावरचा पोरगा

मास्तर माणसाच्या तोंडाकडे बघण्याआधी त्याच्या काखेकडे बघायचे. ऐकायला हे विचित्र वाटतं, पण धारमधल्या निदान अर्ध्या मराठी बायका माझ्या बाजूनं साक्ष देतील. पोलक्याचं माप द्यायला उभं राहिलं की पहिला हुकूम सुटायचा, "हात वर करा." टेप त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, धरायच्या. मास्तर कटिंगच्या टेबलामागून चष्मा सावरत आधीच आकडा सांगून मोकळे व्हायचे आणि टेपही निमूटपणे तोच आकडा दाखवायची. इतर शिंपी हात खाली सोडायला लावून माप घेतात. मास्तरांचं म्हणणं असं, की हात खाली सोडून माणूस फक्त फोटोसाठी उभा राहतो. बाकी दिवसभर तो फळीवरचा डबा काढतो, दोरीवर कपडे टाकतो, बसमधला दांडा धरतो.

त्यांचे पूर्वज धारच्या दरबाराचे अंगरखे शिवायला दक्षिणेतून इकडे आलेले. तलवार उपसताना अंगरखा काखेत फाटू नये म्हणून तिथं एक चौकोनी तुकडा जोडत, त्याला चौबगला म्हणतात. दरबार गेला, तलवारी गेल्या, मास्तरांच्या वाट्याला बायकांची पोलकी आणि शाळेचे गणवेश आले. पण चौबगला त्यांनी सोडला नाही. त्यांचं पोलकं घालून मी सीताफळाच्या झाडावर चढले आहे. त्याबद्दल घरी बोलणी खाल्ली, पोलकं मात्र कमरेवरून जागचं हललं नव्हतं.

बर्फावरचा पोरगा त्यांच्या दुकानात शिरला तो माझ्यामुळे. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. आतेबहिणीच्या लग्नाचं पोलकं तयार व्हायचं होतं, वीज गेली होती, आणि मी बाकावर बसून फोनवर फिगर स्केटिंग बघत होते. हा नाद मला कुठून लागला ते मलाही सांगता येणार नाही. कुठल्याशा थंड देशातला सतरा वर्षांचा काडीसारखा मुलगा, पायात पात्यांचे बूट, निळा पोशाख, आणि साथीला नुसता पियानो. मास्तर खांद्यावरून वाकून कधी बघायला लागले ते कळलंच नाही. पोरानं हवेत उडी घेतली, तीन गिरक्या घेऊन एका पायावर उतरला आणि दोन्ही हात वर केले. "बेटा, जरा पीछे घे," मास्तर म्हणाले. मी मागे घेतलं. पुन्हा म्हणाले. चौथ्यांदा बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, "ह्याच्या काखेत काय लावलं आहे?"

मला न्यायला आलेला माझा मावसभाऊ नितीन दारात उभा होता; तो देवासला कारखान्यात सुपरवायझर. त्याला कुठल्याही गोष्टीचा खुलासा तयार असतो. त्यानं सांगितलं की ते रबरासारखं ताणणारं कापड असतं, त्यात शिंप्याची काही करामत नाही. मास्तरांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले की कापड रबराचं असो नाहीतर खादीचं, हात वर गेला की कमरेला ओढ बसते. ह्याला बसत नाही, म्हणजे हा माणूसच तसा कापलेला आहे. नितीन त्या दिवसापासून आमच्यात आला. पुढची दहा वर्षं आम्ही तिघं त्या पोराचे भक्त होतो. धार-देवास पट्ट्यात चौथा कोणी असल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

मास्तरांनी बर्फ पाहिला होता तो उसाच्या रसाच्या गाडीवर, भुशात गुंडाळलेला. एकदा ते मुलाकडे देवासला गेले असताना नितीन त्यांना बर्फाच्या कारखान्यात घेऊन गेला. मास्तरांनी एक लादी जमिनीवर ठेवायला लावली, चप्पल काढली, भिंत धरून एक पाय लादीवर ठेवला आणि दुसरा उचलायला गेले. कामगारांनी वेळेवर धरलं म्हणून कंबर वाचली. घाबरायचं सोडून मास्तर त्या लादीकडे बघतच राहिले. "भिया, ह्याच्यावर आपल्याला उभं राहता येईना," ते नितीनला म्हणाले, "आणि तो उडून राहिला आहे." 

पोराच्या प्रोग्रामची, म्हणजे बर्फावरच्या एकेका नाचाची, नावं मास्तरांनी पोशाखाच्या रंगावरून ठेवली होती. निळा, काळा, केशरी. संगीताची खरी नावं नितीनला पाठ होती, पण ती कोणी वापरायचं नाही. निळ्यात पोरगा सुरुवातीलाच सपशेल आपटला होता. उठला, गुडघा झटकला आणि त्यानंतरची तीन मिनिटं आपल्याला कोणी बघत आहे हेच विसरून गेला. मला तो प्रोग्राम पाहून दर वेळी रडू येई. नितीन म्हणायचा, पडण्याचे गुण कापतात, भावनेचे देत नाहीत. त्याचा लाडका काळा. त्यात ढोलाच्या तालावर चार अवघड उड्या होत्या, चारही बिनचूक, आणि गुण इतके पडले की पंचांनाच पुन्हा बेरीज करावी लागली असेल. मास्तरांना काळा फारसा भावला नाही. "ह्यात तो मेहनत दाखवून राहिला आहे," ते म्हणाले. "शिलाई वरून दिसली तर तो कपडा कसला?" यावर नितीन महिनाभर दुकानात फिरकला नव्हता.

केशरीवर मात्र तिघांचं एकमत होत आलं होतं. जगातली सगळ्यात मोठी स्पर्धा, सगळ्यांत शेवटी उतरणारा आमचा पोरगा. मध्यावर संगीत एकदम थांबतं, आणि दोन-तीन श्वास एवढा वेळ नुसता पात्यांचा आवाज येतो. सगळं स्टेडियम गप्प. मास्तर टेबलाला धरून उभे होते. नव्या कापडातून मोठी कात्री सरळ जाते तेव्हा असाच आवाज येतो, असं ते नंतर म्हणाले. मला त्या दिवशी तो प्रोग्राम खऱ्या अर्थानं ऐकू आला. सुवर्णपदक मिळाल्यावर मी मिठाई आणली आणि काकूंनी ती गल्लीत वाटली. कोणाला काय सांगितलं देव जाणे.

त्याच रात्री जेवताना मास्तरांनी ठरवून टाकलं होतं की पोरानं आता थांबावं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते मला ऐकवलं. शेवटचा कपडा गिऱ्हाइकाच्या अंगावर देखणा दिसत असतानाच कारागिरानं कात्री ठेवावी, हे त्यांचं तत्त्व. पोरगा काही थांबला नाही. पुढच्या वर्षी एका स्पर्धेत तो आला, जिंकलाही, पण मास्तर पडद्याजवळ नाक नेऊन बघत होते. डाव्या बाहीचा मुंढा, म्हणजे बाही खांद्याला जोडायचा घेर, दोन बोटं खाली उतरवला आहे, आत पट्टी बांधली आहे, पोराचा डावा खांदा गेला, असं त्यांनी जाहीर केलं. नितीननं त्यांना हसण्यावारी नेलं. आठवड्यानं बातमी आली की सरावात डावा खांदा दुखावला असून शस्त्रक्रिया करावी लागेल. जगभरच्या समालोचकांना जे दिसलं नव्हतं ते धारच्या एका गल्लीतून दिसलं होतं. त्या दिवसापासून नितीन मास्तरांच्या पाया पडू लागला, आणि नितीन सहसा देवाच्याही पडत नाही.

पोरगा दोन वर्षं दिसला नाही. त्या दोन वर्षांत मास्तरांच्या उजव्या हाताला कंप सुटला. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. बाह्या कापताना कापडाची घडी घालून दोन्ही एकदम कापायच्या, हा साधा नियम; त्यानं डावी-उजवी आपोआप जुळतात. पण दुहेरी कापड त्यांच्या कात्रीला झेपेना, म्हणून ते गुपचूप एकेक बाही कापू लागले. नालछाच्या एका शिक्षिकेनं मुलीच्या लग्नासाठी महेश्वरी कापड दिलं होतं. मास्तरांनी एक बाही कापली, दुसरी कापली, आणि कापड उलटवायचं राहून गेलं. दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या झाल्या. पहिल्या महिन्यात शिकाऊ माणसानं करावी अशी चूक.

ते धामनोदची बस धरून महेश्वरला गेले, एकदा नव्हे दोनदा, आणि तसाच काठ शोधून आणला. शिक्षिका भली बाई. ती म्हणाली, लग्न दुसऱ्या पोलक्यावर निभावलं, हे सावकाश द्या. मास्तरांनी कापड कपाटात ठेवलं आणि मशीनवर चादर टाकली. आलेल्या गिऱ्हाइकांना ते दुसऱ्या शिंप्याचा पत्ता देऊ लागले. मुलगा देवासला दोघांसाठी खोली रंगवून वाट बघत होता. शिलाई बंद झाली याहून, आपलं शेवटचं काम दोन उजव्या बाह्यांचं ठरलं, हे त्यांना खात होतं. मी भेटायला गेले की ते पोराचे जुने प्रोग्राम लावायला सांगायचे आणि मधेच "बस, बंद कर" म्हणायचे. मला त्यांच्याकडे बघवत नसे.

मग बातमी आली की पोरगा परत येतोय, शेवटच्या स्पर्धेला. मीही तोवर नोकरीसाठी देवासला आले होते. रविवारी दुपारी नितीन आणि मी धारला पोचलो तेव्हा दुकानात दोन ट्रंका भरून ठेवल्या होत्या. पुढच्या रविवारी टेम्पो येणार होता. नितीननं फोन टीव्हीला जोडला. मास्तर खुर्चीत, काकू मागे भिंतीशी तुरपाई करत बसलेल्या. चाळीस वर्षं त्यांनी तुरपाई आणि काज-बटणंच केली. कात्रीला हात लावायची परवानगी दुकानात मास्तरांखेरीज कोणालाच नव्हती.

पोशाख पांढरा होता, एकही चमकी नाही. पोरगा आता पोरगा राहिला नव्हता. पहिली उडी त्यानं चार गिरक्यांऐवजी दोनच गिरक्यांची मारली. नितीननं मान खाली घातली. डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता, हे मलाही कळत होतं. तो हात त्यानं छातीशी धरून ठेवला आणि आजवर जे दोन्ही हातांनी केलं ते सगळं एका उजव्या हातानं करू लागला. गिरकीत वर जाणारा हात तो एकच. शेवटी तो मधोमध थांबला, तेव्हा तोच उजवा हात वर राहिला, आणि सगळं स्टेडियम उभं राहिलं. माझ्या अंगावर काटा आला तो कितीतरी वेळ गेला नाही. नंबर पाचवा आला.

नितीन म्हणाला की यायला नको होतं, केशरीवर थांबला असता तर लोकांच्या डोळ्यांत तोच राहिला असता. खरं तर तो मास्तरांचंच तत्त्व बोलत होता. मास्तरांनी हो म्हटलं नाही. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं आणि पूर्ण बघितलं. 

"ह्या हाताचं काम त्या हाताला दिलं," ते म्हणाले. "प्रोग्राम पूरा झाला."

ते उठले, कपाटातून महेश्वरी कापड काढलं, टेबलावर पसरलं, घडी घातली. खडूनं बाहीची रेघ मारायला गेले ती रेघ थरथरत गेली. त्यांनी मोठी कात्री उचलली आणि मागे वळून न बघता काकूंच्या दिशेनं धरली. काकू सुई कापडात टोचून आल्या. त्यांनी ती रेघ बोटानं पुसली, नवी मारली, आणि दोन्ही थरांतून कात्री अशी सरळ नेली की मधे कुठे थांबली नाही. बाह्या वेगळ्या केल्या: एक डावी, एक उजवी. मुंढ्याचा गोलावा मास्तरांच्या हातचाच वाटावा असा. आम्ही दोघं खुळ्यासारखे बघत होतो. मास्तर टेबलाच्या कडेला धरून उभे होते.

"तुला इतकं चांगलं येतं," ते म्हणाले, "मग कधी बोलली का नाहीस?"

"तुम्ही कात्री खाली कधी ठेवली?" काकू म्हणाल्या, आणि पाठीचा भाग कापायला घेतला.

टेम्पो आला नाही. मुलगा आधी चिडला, मग त्यानं दुकानात नवी ट्यूबलाइट बसवून दिली. नालछाच्या बाईंचं पोलकं महिनाभरात गेलं. कामं परत येऊ लागली. काकू कापत, मास्तर मशीन चालवत. पायाला कंप नव्हता.

गेल्या मार्गशीर्षात मास्तर गेले. झोपेतच गेले, कोणाला त्रास दिला नाही. नितीन आणि मी भेटायला गेलो. आमचा वाद तेव्हाही मिटलेला नव्हता. तो केशरीवर अडलेला, मी पांढऱ्यावर. मास्तरांनी मरेपर्यंत आपलं मत दिलं नव्हतं. मी काकूंना विचारलं, की मास्तर तुमच्याशी तरी काही बोलले होते का, त्यांना सगळ्यात मोठा प्रोग्राम कुठला वाटायचा.

"पोराचं म्हणून राहिली आहेस का? ते तर त्यांनी त्या दिवसानंतर कधी लावलंच नाही," त्या म्हणाल्या. "मी कापायला उभी राहिले की मशीन थांबवायचे, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसायचे आणि बघायचे. सगळं कापून होईपर्यंत."