रुळांवर नसलेले डबे

ज्या माणसाला दिसत नव्हते, त्याला मी जवळजवळ वर्षभर रुळांवर नसलेले डबे वाचून दाखवले. ही गोष्ट मी पुष्कळ दिवस कोणालाच सांगितली नाही. पत्नी असती तर कदाचित तिला सांगितली असती. पण ती जाऊन तेव्हा चार वर्षे झाली होती, आणि भवानी पेठेतल्या माझ्या दोन खोल्यांत बोलायला दुसरे कोणी नव्हते.

पुढच्या खोलीत तिचे शिवणयंत्र असे. त्या जागी मी एक फळी मांडली होती. तिच्यावर रुळांचे लंबगोल कडे, बाजूला एक आखूड रूळ आणि चावी देऊन पळणारे पत्र्याचे इंजिन. एवढ्याशा जागेत गाडी पाचव्या फेरीलाच पाठ होते. म्हणून मी पुठ्ठ्याचे आणि पत्र्याचे अठरा मालडबे तयार केले होते. इंजिनामागे एका वेळी सहाच लावायचे आणि दर रविवारी त्यांतले दोन-तीन बदलायचे. बदलाला कारण हवे, असा माझा नियम होता. उसाचा हंगाम लागला की साखरेचे बंद डबे, गिरण्यांसाठी कापसाच्या गाठींचे उघडे डबे, दुष्काळाच्या वर्षी तांबड्या मिलो ज्वारीची पोती.

हे पाहायला एकच गृहस्थ येत. ते रेल्वेत नंबर टेकर होते. उभ्या मालगाडीच्या कडेने चालत जाऊन प्रत्येक डब्याचा क्रमांक वहीत उतरवणे हे त्यांचे काम. काचबिंदूमुळे ते वेळेआधी निवृत्त झाले. पुढे त्यांना उजेड आणि अंधार एवढाच फरक कळू लागला, तेव्हा मी त्यांना इंजिनापासून शेवटपर्यंत डबे वाचून दाखवू लागलो. ते बोटांवर मोजत ऐकत, आठवडाभर तो क्रम डोक्यात ठेवत, आणि पुढच्या रविवारी खाटेवर टेकता टेकता विचारत, "काय मालक, आज कुटला डबा काढला?"

"हात लावू नका हं, जोडणीचे आकडे नाजूक आहेत," मी म्हणे.

"न्हाय लावत की. तीस वर्षं खऱ्या गाडीला तरी कुटं हात लावला? लांबनंच नंबर लिवले."

एका रविवारी माझा गुडघा दुखत होता. फळीखालच्या पेटीतून डबे काढून तारेचे बारीक आकडे अडकवायला पाऊण तास लागे. मी मागच्या रविवारच्याच गाडीला चावी दिली आणि दोन डबे नुसते तोंडाने बदलले. त्यांना ते पटले. पुढच्या रविवारी पुन्हा तसेच केले. या वेळी गुडघा दुखत नव्हता. हळूहळू गाडी तीच राहिली आणि वाचन तेवढे बदलत गेले. त्यांच्या चेहऱ्यावरचे समाधान कमी झाले नव्हते, तेव्हा यात कोणाचेच नुकसान नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली.

सांगितलेले खोटे लक्षात ठेवणे मात्र मला जमेना. एकदा मी तिसरा डबा कोळशाचा सांगितला.

"कोळसा कसा? मागल्या रविवारी तिसरी तेलाची टाकी हुती की. महिनाभर हलवायची न्हाय म्हनला हुता तुमी."

त्या क्षणी खरे सांगता आले असते. मी म्हणालो, "टाकी काढून तीन आठवडे झाले. तुमच्या लक्षात राहिलं नाही."

ते किंचित हसून म्हणाले, "डोळं गेलंच हुतं. आता डोस्कंबी चाललं म्हना की."

चहा त्यांनी अर्धाच घेतला. त्यानंतर कोणता डबा काढला, हे त्यांनी कधी विचारले नाही. माझे वाचून झाले की "असंल, असंल" एवढेच म्हणत. दिवाळीनंतर ते कुंभारीला मुलाकडे राहायला गेले.

ते गेल्यावर मी पुन्हा दर रविवारी खरोखर डबे बदलू लागलो. एकदा सवयीने मोठ्याने वाचूही लागलो. चौथ्या डब्याला माझाच आवाज मला ऐकू आला आणि मी थांबलो. इंजिन चावी संपेपर्यंत फिरत राहिले.

हिवाळ्याच्या शेवटी मी कुंभारीला गेलो. त्यांच्या सुनेने पाणी दिले आणि ती हलक्या आवाजात म्हणाली, "बरं झालं आलात. मामा आता कायबी इचारलं तर 'मला काय याद ऱ्हातंय' म्हनत्यात. गोळी घेतली का न्हाय, तेबी मलाच इचारत्यात. आदी सगळं तोंडपाट असायचं."

ते अंगणात उन्हाला बसले होते. पावलांच्या आवाजाकडे त्यांनी मान वळवली. "कोन, मालक व्हय? बसा की."

मी शेजारी बसलो. सून दारातच उभी होती. ती आत जाईपर्यंत थांबावे, असे मनात आले. पण तिनेही ऐकणे आवश्यक होते. एस.टी.त जुळवलेली वाक्ये तोवर विसरून गेलो होतो.

"त्या रविवारी तुम्हीच बरोबर होता," मी म्हणालो. "आदल्या आठवड्यात मी टाकीच सांगितली होती. रुळांवर ती नव्हतीच. वर्षभर मी एकही डबा बदलला नव्हता, नुसता तोंडाने सांगत होतो. सापडलो, तेव्हा तुमच्या आठवणीला दोष दिला. तुमच्या डोक्याला काही झालेलं नाही. मी खोटं बोललो. मला क्षमा करा."