लाइट दोनला जाते

अंबरनाथच्या एका कारखान्यात मी फिटर म्हणून लागलो होतो. लोडशेडिंग सुरू झालं तेव्हा मला पंधरा दिवसांसाठी जनरेटरवर बसवलं, त्याची तीन वर्षं झाली. चूक माझीच. ते डिझेल इंजिन मी इतकं नीट ठेवलं की एकदाही बंद पडलं नाही, आणि मग मला तिथून हलवायचं कुणाच्या मनातच येईना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

जनरेटरची पत्र्याची शेड कारखान्याच्या मागच्या अंगाला होती. उन्हाळ्यात आत उभं राहवत नसे. लाइट जायच्या वेळी मी तिथंच हजर पाहिजे, म्हणून जेवणही एकट्यानंच. चौदा एप्रिलला बुवापाड्यात आमच्या दारावरून मिरवणूक गेली, बायको-मुलं नाचली, आणि मी शेडमध्ये ऑइलची काठी पुसत होतो. त्या शेडचा मला मनापासून तिटकारा आला होता.

मग एक फिटर निवृत्त झाला. मॅनेजर म्हणाले, जनरेटरचा सेट सांभाळायला कुणाला तरी तयार कर आणि जा त्याच्या जागेवर. त्यांनी दिलेला माणूस पालेगावचा, माझ्याच वयाचा, कंत्राटावर माल चढवायचा. जनरेटरचं काम जमलं तर त्याला कायम करणार होते. पहिल्याच दिवशी त्यानं घरून तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट आणली. तीन वर्षांत पहिल्यांदा त्या शेडमध्ये मी कुणाबरोबर तरी जेवलो.

माणूस हुशार होता. इंजिन थंड असतानाच ऑइल बघायचं, तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, डिझेलच्या फिल्टरमध्ये साचलेलं पाणी काढून टाकायचं, पंख्याच्या पट्ट्यावर अंगठा दाबून ताण बघायचा, हे त्यानं चार दिवसांत उचललं. एकच गोष्ट उचलली नाही. आमचा सेट ऑटोमॅटिक होता, लाइट गेली की काही सेकंदांत आपोआप सुरू व्हायचा. म्हणून पट्ट्याजवळ हात नेण्याआधी पॅनलवरचा स्विच बंद करायचा आणि बॅटरीची तार काढून ठेवायची. त्यात पाच मिनिटं जात.

"लाइट दोनला जाते," तो म्हणाला. "आता साडेदहा वाजलेत. खालीपिली तार कशाला काढायची, भाऊ?"

त्याला एकट्याला काय बोलणार? गेटवर लोडशेडिंगचं वेळापत्रक लावलेलं असायचं आणि अख्खं गाव त्याच्यावर चालायचं. दळण, पाण्याचा पंप, मुलांचा अभ्यास, सगळं. लाइटही बहुतेक वेळा दिलेल्या वेळेलाच जायची. पण कुठं तार तुटली, फ्यूज उडाला, तर ती काय घड्याळ बघून जाते? हे मी त्याला तीन वेळा समजावलं. त्यानं तीनही वेळा मान डोलावली. मी समोर असलो की तार काढायचा, मी वळलो की तसाच हात घालायचा.

पुढचे चार दिवस मी बघून न बघितल्यासारखं केलं. घोडा झालाय, त्याचं तो बघेल, असं मनाला सांगितलं. त्या चार दिवसांची मला आजही लाज वाटते.

शनिवारी मॅनेजरनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं आणि विचारलं, सोमवारपासून हा एकटा सांभाळेल ना? तो माझ्याकडे बघत होता. घरी त्यानं सांगूनही टाकलं असणार. 'हो' म्हटलं की दोघंही सुटत होतो.

"नाही, साहेब," मी म्हणालो. "हा तार न काढता आत हात घालतो."

मॅनेजर वैतागले. मग तूच बस, म्हणाले. त्याला पुन्हा मालावर पाठवलं. बाहेर पडल्यावर तो शांतपणे म्हणाला, "खुर्ची सोडवत नाही ना, भाऊ?" दोन महिन्यांनी त्याचं कंत्राट संपलं. फिटरच्या जागेवर बाहेरचा माणूस आला आणि मी आणखी चार वर्षं त्याच शेडमध्ये काढली.

पुढं एकदा उल्हासनगरला, पाच नंबर कॅम्पच्या बाजारात तो दिसला. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हाताचं बोट मुलीनं धरलेलं. मला बघून त्यानं मुलीला घेऊन रस्ता ओलांडला. त्याचे दोन्ही हात धड आहेत, म्हणूनच तर त्याच्या लेखी मी खोटा. ते हात गेले असते तर मी खरा ठरलो असतो. आणि शेडमधल्या काही दुपारी, खोटं कशाला बोलू, ते गेले असते तर बरं, असंही मला वाटून गेलं आहे.