एनिड आंटीची नावं

२०१७च्या हिवाळ्यात, इथे तो जून ते ऑगस्ट असतो, बाबा नागपूरहून आमच्याकडे लोअर हटला आले होते. माझ्या हॉस्पिटलमधली मार्वा एकदा जेवायला आली. ती त्रिनिदादची. ऑगस्टच्या सुरुवातीला तिच्याकडे गुलामी संपल्याचा दिवस पाळतात. गाडीनं सात-आठ तासांवर, उत्तरेला टाकानिनीत राहणारी तिची मावशी, एनिड आंटी, त्या दिवशी अंगणात पाणी ओतत पूर्वजांची नावं घेते, पार मळ्यातून सुटलेल्या पहिल्या बाईपर्यंत.

बाबांचा घास हातातच राहिला. "आपल्याला जाता येईल? मला त्यांना आपला दिवस सांगायचाय." सहा वर्षांचे असताना त्यांनी वडिलांच्या खांद्यावर बसून दीक्षाभूमीवरचा धम्मदीक्षेचा सोहळा पाहिला होता. पुढचा आठवडाभर ते किचनमध्ये इंग्रजी वाक्यं घोकत होते.

शनिवारी पहाटे गाडी काढली. कार्यक्रम दुपारी होता. टायहापेला गरम पॅटिस खाल्ले, पेट्रोल भरलं. वायोरूला रस्ता अडवलेला.

"किआ ओरा. डेझर्ट रोडवर बर्फ आहे, ओहाकुनीवरून जा," केशरी जॅकेटातली बाई इथला माओरी नमस्कार करत म्हणाली.

वळसा घेतला. रुआपेहूचा डोंगर पांढराशुभ्र दिसत होता, पण थांबायला वेळ कुठला? नॅशनल पार्क नावाच्या गावापुढे एक ट्रक रस्त्यात आडवा झालेला, मागे लांबच लांब रांग.

"मार्वाला फोन करून कार्यक्रम थांबवायला सांगू का?" मी विचारलं.

"नको गं. एवढी माणसं आपल्यासाठी कशाला ताटकळत ठेवायची," बाबा म्हणाले.

तुम्ही ऑगस्टमध्ये जाणार असाल, तर आदल्या दिवशीच निघा आणि टाउपोला मुक्काम करा.

पोचलो तेव्हा अंधार पडला होता आणि अंगणातल्या खुर्च्या उचलणं चाललं होतं. मार्वानं आमच्यासाठी पेलाव झाकून ठेवला होता, आपल्या पुलावाचाच भाऊबंद. एनिड आंटी गुडघ्यांवर शाल घेऊन बसल्या होत्या. बाबांनी समोर बसून पाठ केलेलं सगळं सांगितलं. त्यांचा हात हातात घेऊन आंटींनी ते शेवटपर्यंत ऐकलं.

"तुमच्या पूर्वजांची नावं?"

"आजोबांच्या मागची माहीत नाहीत," बाबा म्हणाले.

"माझ्याकडे आहेत. पण आजची घेऊन झाली. वर्षातून एकदाच घेते. पुढच्या वर्षी या."

दुसऱ्या दिवशी परतताना डेझर्ट रोड उघडला होता. स्वच्छ ऊन होतं.

पुढच्या एप्रिलमध्ये मार्वानं सांगितलं, आंटी गेल्या. मी नावांबद्दल विचारलं.

"प्रत्येकाला दोन-तीन आठवतात. दरवर्षी ऐकायचो ना, म्हणून कुणी लिहून ठेवलीच नाहीत."

तरी ऑगस्टमध्ये बाबा आले. या वेळी आम्ही वेळेत पोचलो. मार्वानं पाणी ओतत चार नावं घेतली आणि ती अडली. कुणालाच पुढचं सांगता येईना. मग ती "एनिड" म्हणाली आणि तिनं उरलेलं पाणी ओतून टाकलं.

लोअर हटला परतल्यावर बाबांनी माझ्या लेकीकडून आमची नावं पाठ करून घेतली. तिला मराठी कळतं, बोलते इंग्रजीत. ती त्यांच्या आजोबांपर्यंत आली आणि म्हणाली, "अँड बिफोर दॅट?"

"त्याच्या आधीही होते," बाबा म्हणाले. "आपण विचारलं नाही."