डाव्या हाताचा चाकू

माझ्या आत्याला रोपवाटिकेत सगळे डावरी म्हणतात. हजेरी घेताना मुकादमाने चुकून तिचं खरं नाव वाचलं, तर ती स्वतःच इकडेतिकडे बघते.

सव्वीस वर्षं ती कलमं बांधतेय. मुळं असलेल्या खुंटावर तिरका काप, वर जोडायच्या काडीवर तसाच तिरका काप, दोन्ही काप एकमेकांवर चिकटवायचे आणि वरून पट्टी गुंडाळायची. दिवसाला अडीचशे. कलमाचा घडीचा चाकू मात्र साधा नसतो. त्याला धार एकाच बाजूने असते. दुसरी बाजू सपाट, ती लाकडाला टेकून सरळ सरकते. हे सगळं उजव्या हाताच्या सोयीने केलेलं. डाव्या हातात तोच चाकू लाकडातून वर उसळतो. त्याला दाबात ठेवायला आत्याने सव्वीस वर्षं मनगट पिळलं. यंदा ते सुजून टम्म झालं.

मुकादम म्हणाला, "डावरे, आता तू पिशव्या भर." म्हणजे दिवसभर मातीच्या ढिगाशेजारी बसायचं, तेही निम्म्या मजुरीवर.

आत्या तडक मालकांच्या खोलीत गेली. "मालक, मनगट ठीक आहे. चाकू चुकीचा आहे."

"आणि इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं मी सांभाळून घेतलं."

मालकांनी पाच हजार टेबलावर ठेवले. "बाजारातला उत्तम चाकू आण. वर एक पैसा मिळणार नाही. सोमवारी काप सरळ आले नाहीत, तर पिशव्या."

मी नुकताच मेकॅनिकलचा डिप्लोमा संपवलेला. हात शिवशिवत होते. रात्रंदिवस खपून अकरा चाकूंचा तक्ता केला. पोलादाचा कडकपणा, वजन, उघडलेलं पातं पक्कं बसतं की नाही, प्रत्येकाला गुण. पहिला नंबर काळ्या मुठीच्या चाकूचा आला, तोही पाच हजारांच्या आत.

आत्याने तक्ता वरून खाली वाचला. "यात हाताचा रकाना कुठाय, इंजिनिअरबाई?"

नव्हता.

हत्यारांच्या दुकानात आम्ही गेलो तेव्हा तिच्या पिशवीत ओल्या काड्यांची जुडी होती. दुकानदाराने काळ्या मुठीचा चाकू मखमलीवर ठेवला. एका बोटाने टिचकी मारली की पातं खटकन उघडायचं. माझे तर डोळेच चमकले.

"दोन्ही बाजूंनी धार आहे, मावशी. कुठल्याही हाताला चालेल."

आत्याने दोन काड्या कापल्या, काप एकमेकांवर ठेवले आणि ट्यूबलाइटसमोर धरले. मधून उजेडाची रेघ दिसली. "बघ, कापाची होडी झाली. एवढ्या फटीत कलम वाळून जातं."

"मावशी, हा चाकू लोक हौसेने घेतात!"

"हौसेवाल्यांनाच द्या. मला कलमाचा हवा, डाव्या हाताचा."

दुकानदार डोकं खाजवत आत गेला आणि धुळीने माखलेला एक खोका घेऊन आला. पिवळी प्लास्टिकची मूठ, जाड पातं, सपाट बाजू नेमकी उलटी. "चुकून मागवला गेला. तीन वर्षं पडून आहे. पाच हजार सहाशे."

आत्याने कापलं. हात सरळ, मनगट सरळ. काप ट्यूबलाइटसमोर धरले. उजेड आला नाही. तिने दुसरी काडी कापली, मग तिसरी. जुडी संपेपर्यंत ती थांबलीच नाही.

मी हळूच पर्स उघडली. "आत्या, वरचे सहाशे मी घालते."

"ठेव आत! काम त्यांचं, हत्यार त्यांनीच द्यायचं. आज तू सहाशे घातलेस, तर उद्या प्रत्येक बाई घरून चाकू आणेल." मग ती दुकानदाराकडे वळली. "तीन वर्षं ज्याच्याकडे कुणी ढुंकून बघितलं नाही, त्याचा एवढा तोरा? हा चाकू घेणारी दुसरी कोण येणार आहे, सांगा."

"निदान पाच हजार तीनशे..."

"पाच. खोका ठेवून घ्या, कातडी म्यान ठेवून घ्या. मी खोक्याने कलमं बांधत नाही."

ती जागची हलेना. मागे चार गिऱ्हाईकं खोळंबली होती, त्यातला एकजण हसत म्हणाला, "देऊन टाका हो, नाहीतर आम्हालाही घरी जाता येणार नाही." दुकानदाराने बिल फाडलं.

सोमवारी मी मुद्दाम रोपवाटिकेत गेले. आत्याच्या स्टुलावर मुकादमाने एका नव्या मुलीला बसवलं होतं. आत्या तिला म्हणाली, "पोरी, शेजारचं स्टूल घे. ही जागा माझी." आणि कामाला लागली. मालक आले. त्यांनी तिची दहा कलमं उचलून काप तपासले आणि दहाही परत ट्रेमध्ये ठेवली.

मुकादमाला मात्र राहवेना. "पाच हजारांत प्लास्टिकची मूठ? आणि चाकू मालकांचा आहे. संध्याकाळी सगळ्यांच्या पेटीत पडला पाहिजे. सकाळी ज्याच्या हाताला लागेल तो वापरेल."

"पडेल की. आताच वापरून बघा."

त्याने उजव्या हातात चाकू घेऊन काडीवर ओढला. पातं वर उसळलं, काडी टुणकन उडून मालकांच्या चपलेवर पडली. बायका पदरात तोंड लपवून हसल्या. त्याने पुन्हा ओढला. पुन्हा तेच.

"मनगट जरा पिळा, मुकादम," आत्या म्हणाली. "सव्वीस वर्षांत जमेल."

मालक खाकरले. "राहू दे रे. चाकू तिच्याकडेच राहू दे."

आत्याने मुकादमापुढे हात पसरला, डावा.