व्याह्यांचा अधिक श्रावण

आमच्या व्याह्यांइतका टाकायला भिणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नाही, हे मी कुठल्याही देवळात उभा राहून सांगायला तयार आहे. व्याही म्हणजे आमच्या सुनेचे वडील. इथं परदेशात, बॉथेललाच, आमच्या घरापासून दहा मिनिटांच्या चालीवर एकटे राहतात. इथले लोक तेवढ्याला गाडी काढतात. मी छत्रीसुद्धा काढत नाही. पाऊस म्हणावा असा पाऊस इथं पडतच नाही, नुसतं आठ महिने आभाळ रडवेलं असतं आणि छपरांवर शेवाळ चढतं. तर त्या शेवाळलेल्या घरात दुधाचे रिकामे कॅन धुऊन जिन्याखाली रांगेनं उभे आहेत, सुनेच्या पहिलीतल्या वह्या समुद्र ओलांडून आलेल्या आहेत. एकदा माझी कानटोपी तिथं राहिली. चार दिवसांनी आणायला गेलो तर तिला चिठ्ठी बांधलेली: टोपी कुणाची, कुठल्या खुर्चीखाली मिळाली, त्या दिवशी तिथी कोणती. मी म्हटलं, “अहो, टोपी आहे, हरवलेलं पोर नव्हे.” तर म्हणाले, “व्याही, नोंद नाही ती वस्तू नाही.” तिकडे ते नगरपालिकेत जुन्या नोंदवह्यांच्या खोलीत होते. एकदा साहेबाच्या हुकमानं त्यांनी वाळवी लागलेल्या वह्यांचा ढीग अंगणात जाळला, आणि दुसऱ्या दिवशी एक बाई नवऱ्याची नोंद मागायला दारात उभी राहिली. तिला काय सांगितलं ते मला त्यांनी कधी सांगितलं नाही. पण तेव्हापासून हा माणूस काही टाकेना झाला.

पण घरातली खरी तिजोरी म्हणजे त्यांचा कंप्युटर. मला शाळा चौथीपर्यंतची, पुढं चाळीस वर्षं पिठाची गिरणी, आणि त्याची मला लाज नाही. ज्याला समजावून सांगता येतं त्यानं सांगितलं की मला कळतं, आणि हे त्यांनी मला नीट सांगितलं. कंप्युटर रोज एकदा स्वतःचा फोटो काढून ठेवतो, त्याला स्नॅपशॉट म्हणायचं. “हा माणसांचा फोटो नव्हे,” ते म्हणाले. “त्या घटकेला पेटीत जे जे आहे ते जसंच्या तसं. उद्या तुमच्या हातून कपबशी फुटली तरी कालच्या फोटोत ती धड आहे. जायचं नि उचलून आणायची.” मला हे आवडलं. गिरणीत असं काही असतं तर बायकांची निम्मी भांडणं मिटली असती.

हा फोटो रोज संध्याकाळी सातला, देवापुढं दिवा लावून झाला की. तो निघेपर्यंत घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, जसं काही कंप्युटर डोळे मिचकावेल. आणि प्रत्येक फोटोला नाव तिथीचं, देवनागरीत. “भाद्रपद वद्य तृतीया.” “पौष शुद्ध अष्टमी.” इंग्रजी तारखा त्यांना परक्या वाटतात. तिथी तरी कुठली, तिकडची की इथली, यावरून त्यांनी तिकडच्या एका भटजींशी फोनवर पाऊण तास वाद घातला आणि शेवटी बॉथेलचा सूर्योदय धरायचा असं ठरवलं. इथं सूर्य दिसतो कुठं, हे भटजींनी विचारलं नाही म्हणून निभावलं. एकादशीला कंप्युटरला लिहिणं बंद, फक्त वाचन. “त्यालाही उपास?” मी विचारलं. “तुम्ही साबुदाणा खाता, तो तेवढाही खात नाही,” असं उत्तर मिळालं.

एवढं सगळं ठेवायचं तर जागा कुठनं आणायची? पडद्यावर एक पट्टी आहे. जागा असली की हिरवी, संपत आली की लाल. आमच्या व्याह्यांची बारमाही लाल. सूनबाई डोकं धरून बसायची. “बाबा, जुने स्नॅपशॉट्स डिलीट करा ना! नाहीतर क्लाऊडवर टाका, कितीदा सांगितलं!” “परक्याच्या घरात आपली पेटी ठेवायची नसते,” हे म्हणायचे, आणि मग फोटो सोडून बाकी काहीही काढून टाकायचे. पत्ते खेळायचे ते काढले. नकाशे काढले. एक दिवस प्रिंटरशी बोलणारी भाषाच काढून टाकली. तेव्हापासून प्रिंटरवर तुळशीची कुंडी आहे. “फोटोला हात लावायचा नाही,” एवढं एकच वाक्य. मी हसायचो. मला वाटायचं, हा नुसता हट्ट, आणि हट्टी माणसं मला आवडतात, कारण मी स्वतः कुणाच्या बापाला ऐकत नाही.

मागच्या मार्गशीर्षात त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आठ दिवस पडद्याकडं बघायचं नाही असं त्यांनी स्वतःच ठरवलं, डॉक्टरनं सांगितलं होतं त्यापेक्षा जास्त. मग सातचं काम करायचं कुणी? लेकीवर विश्वास नाही, ती साफसफाई करेल. जावई, म्हणजे आमचे चिरंजीव, सातला मीटिंगमध्ये. राहिलो मी. मला बोलावून समोर बसवलं, डोळ्यावर झाकण लावलेल्या अवस्थेत बोट धरून बटण दाखवलं. “हे दाबायचं. तिथीचं नाव लिहायचं. बाकी कशाला हात नाही लावायचा.” खरं सांगतो, मला मान वाटला. मुलाकडच्यांना मान द्यायची रीत हे लोक इकडं येऊन विसरले होते.

दोन दिवस सुरळीत गेले. व्याही आतल्या खोलीत रेडिओ ऐकत पडायचे, मी बाहेर फोटो काढायचो. तिसऱ्या दिवशी पडद्यावर लाल चौकट आली. इंग्रजी वाचता आलं नाही, पण पट्टी काठोकाठ भरली होती आणि खाली सगळ्या फोटोंची यादी उघडली होती. यातलं काय काढू, असं विचारत होती हे शेंबड्या पोराला कळलं असतं. आतल्या माणसाला हाक मारता आली असती. सुनेला फोन करता आला असता. पण चाळीस वर्षं गिरणी चालवलेल्या माणसानं जागा कशी करायची हे दुसऱ्याला विचारायचं? माझ्या गिरणीत जागा दोन खणांची आणि डबे गावाचे. ज्याचा डबा सगळ्यात जुना, सगळ्यात मोठा आणि जो न्यायला कुणी येत नाही, तो उचलून बाहेरच्या ओट्यावर. मी यादीच्या तळाशी गेलो. सगळ्यात जुना आणि सगळ्यात जाडजूड एकच होता: “अधिक श्रावण शुद्ध पंचमी.”

मला हायसं वाटलं. अधिक महिना! मलमास! ना लग्न, ना मुंज, ना सण, ना वास्तुशांत. ज्या महिन्यात धड काही होतच नाही त्यातलं काय जपायचं? दाबलं. त्यानं पुन्हा विचारलं. पुन्हा दाबलं. पट्टी हिरवीगार झाली. इतकी हिरवी मी ती कधी बघितली नव्हती.

आत जाऊन सांगितलं, “व्याही, जागा करून ठेवलीय. वर्षभराची चिंता नाही.”

त्यांनी रेडिओ बंद केला. “कोणता काढलात?”

“मलमास होता एक. अधिक श्रावण.”

त्यांनी डोळ्यावरचं झाकण नीट बसवलं. मग म्हणाले, “बरं. आजचा निघाला ना?” आणि भिंतीकडं तोंड केलं. मी माझ्या हुशारीवर खूश होऊन घरी आलो.

सूनबाईनं दुसऱ्या दिवशी सांगितलं. ओट्याशी उभी होती, माझ्याकडं बघत नव्हती. “अप्पा, आईचं सगळं त्यात होतं.”

विहीणबाई त्याच अधिक श्रावणाच्या वर्षी कार्तिकात गेल्या. त्यांचंही त्या कंप्युटरवर खातं होतं. त्यात त्या पाककृती, भजनं, लेकीला निरोप, सगळं बोलून ठेवायच्या. टाइप करायचा कंटाळा. त्या गेल्यावर रोज सकाळी कंप्युटर लावला की त्यांचा चेहरा यायचा आणि पासवर्ड मागायचा. तेराव्यानंतर एका सकाळी व्याह्यांनी ते खातंच पुसलं. त्या ज्यात होत्या ते जुने फोटोही एकामागून एक काढत सुटले. आयुष्यात एकदाच या माणसानं धडाधड टाकलं. आणि त्या एका फोटोवर येऊन हात थांबला. त्यानंतर तो त्यांनी कधी उघडला नाही. “उघडू कधीतरी,” म्हणायचे. पुसलेलं सगळं त्या एकट्यानं धरून ठेवलं होतं, म्हणून तो तेवढा जाड. चिरंजीव ती पेटी एका जाणकाराकडं घेऊन गेले. तो म्हणाला, आता काही नाही.

मी चार दिवस जेवलो नाही असं सांगणार नाही. जेवलो. पण ताटात काय होतं ते आठवत नाही.

व्याह्यांनी मला शब्दानं दुखावलं नाही, त्याचाच त्रास जास्त. डोळा बरा झाला, पण त्यांनी सातचा फोटो काढणं सोडून दिलं. दूध संपलं की कॅन कचऱ्यात. कंप्युटरवर धूळ. साडेचारला अंधार पडायचा, मी जायचो, ते दिवा न लावता बसलेले. मी रागवायचो, “अहो, उठा, तिथी काय आज?” “कुणास ठाऊक,” म्हणायचे. माफी मागायची मला सवय नाही. जमत नाही. शेवटी एके दिवशी बसल्या बसल्या विचारलं, “काय होतं हो त्या पंचमीला?”

“वाण. जावयाला अधिकाचं वाण दिलं ना आम्ही. तेहेतीस अनारसे. तिनं सगळं रेकॉर्ड केलं होतं.” मग, “तुम्ही नव्हता. रुसला होता.”

नव्हतो कसा? आमंत्रण फोनवर मेसेज करून दिलं, दारात येऊन दिलं नाही, म्हणून मी रुसलो होतो हे खरं. पण मागच्या दारानं आलो होतो. मागच्या खोलीत, पाहुण्यांच्या पिशव्यांच्या ढिगाशेजारी बसलो होतो. भिंतीतून सगळं ऐकलं होतं. मी त्यांना सांगू लागलो. अनारसे तुपात सुटून जाळी जाळी झाले तेव्हा विहीणबाई किती हसल्या, ते. तबकात निरांजन ठेवताना, “अहो, पंखा बंद करा आधी,” म्हणून यांच्यावर ओरडल्या, ते. आणि शेवटी आपणहून दार ढकलून आत आल्या. हातात बशी. बशीत एक मोडका अनारसा. पिशव्या बाजूला सारून बशी ठेवली आणि म्हणाल्या, “व्याहीबुवा, हा चौतिसावा. मोडलाय, पण गोड आहे. आमच्याकडच्या माणसांसारखा. यांना सांभाळून घ्या.” मी मान वळवून बसलो. त्या गेल्यावर खाल्ला.

व्याह्यांनी चष्मा काढला. “हे त्यात नव्हतं,” म्हणाले. “ती रेकॉर्डर बाहेरच ठेवून आत आली असणार.” मग अगदी हळू, “पुन्हा सांगा.”

यंदा अधिक ज्येष्ठ आला. व्याह्यांनी बायकोविना आपल्या घरी वाण मांडलं: दुकानातले तेहेतीस बत्तासे, वर्तमानपत्राच्या पुडीत, तेही आधी स्वतः आमच्या दारात येऊन आमंत्रण देऊन. पुडीची दोरी सोडवून त्यांनी खिशात ठेवली, तेव्हा मला जरा बरं वाटलं. जावयाच्या हातात तबक दिलं आणि माझ्याशेजारी येऊन बसले. सात वाजले होते. “सांगा,” म्हणाले.

मी सांगितलं, भिंत, पंखा, बशी. ते डोळे मिटून ऐकतात आणि माझा एखादा शब्द इकडचा तिकडं झाला तर लगेच हात वर करतात. मी म्हटलं, “आता हे तरी बोलून ठेवू त्या पेटीत. हवं तर तिथी घाला.”

“नको,” म्हणाले. “तुमच्याकडं आहे तसंच राहू द्या.”

मी त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठा आहे. हे दोघांनाही माहीत आहे, आणि दोघांपैकी कुणी ते बोलून दाखवत नाही.