बाद ठरवलेले श्वास

अक्का गेल्या, हे सांगायला त्यांच्या भाचीचा, सविताचा फोन आला. तेव्हा मी नांदेडला घरी चहा पीत बसलो होतो. “सकाळी उठल्याच न्हाईत, काका,” एवढंच ती म्हणाली. दुपारी लातूरला पोचलो तर लिंगायत रीतीप्रमाणे अक्कांना मांडी घालून बसवलं होतं, कपाळभर विभूती आणि गळ्यात झेंडूचा हार. बसलेल्या अक्का नेहमीसारख्याच कुणावर तरी चिडण्याच्या बेतात दिसत होत्या. ते पाहून खरं तर मला बरं वाटलं. मग काही दिवसांनी शोकसभा झाली आणि माझं डोकं फिरलं. जो उठेल तो सांगत होता की महानंदा सिस्टर किती शांत, किती सोशिक, कधी कुणाला उलटून बोलल्या नाहीत... अहो, कुणाबद्दल बोलताय? या बाईने सगळी नोकरी रागात केली. तो राग तुम्हाला ठाऊक नसेल तर गप्प बसा, पण तिला सोशिक म्हणू नका. सोशिक मी होतो. सोशिकपणाने काय होतं ते मी पाहिलेलं आहे, म्हणून आज तीन आठवड्यांनी हे लिहायला बसलो आहे.

लातूर जिल्हा तेव्हा नवानवा झाला होता. कचेऱ्या होत्या पण खुर्च्या नव्हत्या, पाट्या रंगवून झाल्या होत्या पण आत कुणी बसत नव्हतं. त्यात पावसाने लागोपाठ पाठ फिरवलेली. गावोगाव दुष्काळी कामं निघाली होती आणि बायामाणसं रस्त्याकडेला बसून खडी फोडत होती. अशा दिवसांत बाहेरून एक मोठे डॉक्टर आले. दमा आणि फुफ्फुसाचे जुनाट विकार यांवर गोळ्यांपेक्षा तोंडात फवारायचा पंप किती गुण देतो, हे त्यांना तपासायचं होतं. त्या कामासाठी फॉर्म भरणारा कारकून म्हणून मला घेतलं आणि जिल्ह्याच्या दवाखान्यातून एक सिस्टर दिली, ती महानंदा. माहेर उदगीरचं. तिकडे थोरल्या बहिणीला म्हणतात तसं सगळे त्यांना अक्का म्हणत, मीही म्हणू लागलो.

काम सोपं होतं. हातात मावेल असं एक नळीचं यंत्र होतं, त्यात जोरात फुंकलं की काटा पुढे सरके. रोग्याने तीनदा फुंकायचं. मग पंपाचा फवारा द्यायचा, थोडं थांबायचं आणि पुन्हा फुंकवून घ्यायचं. काटा पहिल्यापेक्षा पुढे गेला तर त्या माणसाचं नाव पक्कं, आणि काम चालेल तोवर त्याला पंप मिळत राहणार. पण तिन्ही फुंका एकमेकींच्या जवळपास आल्या नाहीत, किंवा काटा हललाच नाही, तर फॉर्म बाद. बादची फुली मारायचं काम माझ्याकडे होतं, लाल शाईने.

चाकूरकडच्या एका गावात शाळेच्या ओसरीवर आमचं टेबल लागलं. पुरुष येत, छाती फुगवून फुंकत, काट्याकडे बघून हसत. बायकांचं मात्र काही जमेना. खडीच्या कामावरून तशाच, धुळीने पांढऱ्या झालेल्या त्या येत. छातीतली घरघर टेबलापर्यंत ऐकू येई. आणि नळी हातात दिली की पदर तोंडावर ओढून अशी फुंकर घालत की काटा जागचा हलत नसे. नळी उष्टी आहे का, असं दोघीतिघींनी विचारलं. दर वेळी नवी लावतो म्हटलं तरी तेच. समोर गावातली जाणती माणसं बसलेली, कुणाचा सासरा, कुणाचा थोरला दीर. डॉक्टर शांतपणे म्हणाले की या बायकांना सूचना समजत नाहीत. त्यांचा आवाज कधीच चढत नसे. मला अशा माणसांची आता भीती वाटते. मी फुल्या मारत राहिलो.

तिसऱ्या प्रहरी आमच्यासाठी चहा करायला शेजारच्या घरात केवळाबाई नावाची पन्नाशीची बाई बसली होती. तिचाही फॉर्म सकाळीच बाद झाला होता. अक्का दारात उभ्या राहून बघत होत्या, त्यांच्यामागे मी. केवळाबाईने फुंकणी उचलली, चुलीत घातली आणि अशी काही फुंक मारली की राख उडून शेणीने पेट घेतला. मग ती भिंतीला धरून खोकत बसली. अक्का माझ्याकडे वळल्या. “बघितलास का? हिला फुंकता येत न्हाई म्हनं.” चहा तसाच टाकून त्या ओसरीवर गेल्या आणि यंत्र आणि पंप उचलून आणले.

त्यांनी त्या घरातली सगळी पुरुषमाणसं बाहेर काढली, मलाही. मी दाराबाहेर पायरीवर फॉर्म आणि पेन घेऊन बसलो. आतून अक्कांचा आवाज येत होता: “मावशी, पदर काढ तोंडावरचा. हितं कुनी न्हाई. शेणी पेट घेत नसली की पैली फुंक मारतीस, तशी मार.” मग ती फुंक ऐकू आली. तीनदा. अक्कांनी आतून आकडे सांगितले, तिन्ही जवळजवळ सारखे; फवाऱ्यानंतरचे त्याहून पुढचे. मग केवळाबाई धापा टाकत म्हणाली, “अक्का, फुंकून फुंकूनच तर ही गत झाली न्हवं?”

आमच्या फॉर्मात विडी ओढता का, किती वर्षं ओढता, याला जागा होती. चुलीला नव्हती. शहाण्या माणसांनी केलेला फॉर्म होता तो, त्यांच्या घरात चूल पेटवणारी दुसरी कुणीतरी असणार. अक्कांनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि समासात एक रेघ ओढून लिहिलं, चूल किती वर्षं. केवळाबाईच्या पुढे लिहिलं, कळायला लागल्यापासून.

पुढचे दोन रविवार अक्का स्वतःच्या सुट्टीत एस. टी.ने त्या गावांना गेल्या. मलाही ओढून नेलं. बाद झालेल्या बायांना त्यांनी एकेकीला कुणाच्या ना कुणाच्या स्वयंपाकघरात बसवून फुंकवलं. मी प्रत्येक वेळी दाराबाहेर. फवाऱ्यानंतर कितीतरी जणींचा काटा पुढे जायचा, काहींचा जायचा नाही, ते दोन्ही अक्का जसंच्या तसं सांगत. एकदा मी म्हणालो, हा आकडा फारच कमी वाटतो, थोडा वाढवून लिहू का? त्या दार उघडून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, तिचा दम तू ठरवनार का? त्यानंतर मी कानाला खडा लावला.

फॉर्मांचा गठ्ठा आम्ही डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी चाळला, समासातल्या रेघा बघितल्या. सही न करता दोन गोष्टी म्हणाले. छापील फॉर्ममध्ये कुणी परस्पर भर घालायची नसते. आणि बंद खोलीत, देखरेखीशिवाय घेतलेले आकडे धरता येत नाहीत. अक्का म्हणाल्या, हा होता की तिथं, यानंच लिहिलंय. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

“काटा तुम्ही डोळ्यांनी पाहिला का?”

“मी बाहेर होतो, साहेब,” मी म्हणालो.

खोटं बोललो नाही. तेच तर वाईट आहे. पुढे आणखी एक वाक्य बोलायचं होतं, ते मला येत होतं, आणि मी बोललो नाही. नोकरी हंगामी होती, कायम करतो असं त्यांनी सुचवलं होतं... कारणं काय, पाहिजे तेवढी सापडतात. त्यांनी गठ्ठा माझ्याकडे सरकवला. अक्कांच्या समोर बसून मी प्रत्येक फॉर्मवर फुली मारली. पंप गेले ते ओसरीवर छाती फुगवून फुंकणाऱ्यांना. पुढे या कामाचा अहवाल आला, त्यात बायकांनी पुरेसं सहकार्य केलं नाही अशा अर्थाची एक ओळ होती. तो कागद मी फाडला नाही. नीट फाईलला लावला.

दुसऱ्या उन्हाळ्यात अक्का माझ्या टेबलापाशी आल्या. तोवर त्या माझ्याशी कामापुरतंही बोलत नव्हत्या.

“केवळाबाई गेली. लिही.”

“कुठं लिहू, अक्का?”

“फॉर्मात जागा न्हाई का?” त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

पंप मिळाला असता तर ती जगली असती का, मला माहीत नाही. पण तिला तो मिळायला हवा होता. तिने फुंकून दाखवलं होतं. तिच्या छातीत जे होतं ते तिने बाहेर काढून आमच्या हातात दिलं आणि आम्ही म्हणालो, हे धरता येत नाही.

मी यथावकाश कायम झालो, नांदेडला बदली घेतली, निवृत्त झालो. अक्का त्यानंतर कधीतरी पुन्हा बोलू लागल्या, पण माफ केलं असं त्यांनी म्हटलं नाही आणि मी विचारलं नाही. त्या रागाच्या आजूबाजूनेच आमचा स्नेह वाढला. दिवाळीला गेलो की जेवायला वाढत आणि वाढता वाढता टोमणा मारत, भाईरच बसतूस का आत येतूस? मी आत जाई.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी अक्कांच्या घरी सविताकडेच थांबलो होतो. सकाळी दारात दोन बाया येऊन उभ्या राहिल्या, एक म्हातारी आणि तिची सून. सविता म्हणाली, दर रविवारी येतात, गल्लीतल्या, खेड्यांतल्या, अक्का स्वयंपाकघरात फुंकायचं यंत्र ठेवून त्यांचा दम बघायच्या. तिने मला एक जाड वही आणून दाखवली. नावं, आकडे, चूल किती वर्षं, गॅस कधी आला, पंप चालू आहे का, नीट ओढते का. इतक्या वर्षांच्या या नोंदी अक्कांनी कुठल्याच डॉक्टरला दाखवल्या नव्हत्या. का दाखवल्या नाहीत, हे सविताला कळत नव्हतं. मला कळत होतं.

अक्का गेल्याचं त्या बायांना ठाऊक होतं. तरी म्हातारी म्हणाली, आजचा वार चुकवू नको म्हनल्या हुत्या. सविता यंत्र घेऊन स्वयंपाकघरात गेली. मी वही उचलून त्यांच्यामागे निघालो तेव्हा म्हातारी वळली.

“तुमी भाईर बसा, दादा.”

मी पायरीवर बसलो. सविताने दार लोटून घेतलं. म्हातारीने श्वास भरून घेतला, घशात थोडी घरघर झाली, आणि मग फुंक. तीनदा. तिसरी जरा कमी जोराची. सविताने आतून आकडे सांगितले, मी वहीत लिहिले. बंद दारातून सगळं ऐकू येतं. तेव्हाही आलं होतं, साहेब.